कासवाची सातवी स्टेज

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाचा चौथा दिवस, सोमवार, सकाळी साडेदहा. अंदाजे किंमत रुपये दोनशे. हजर असलेले: मी, धाकटा भाऊ बापू, उंबऱ्यात बसलेली आई, तळोद्याहून आलेले मामा आणि कागद लिहायला बोलावलेले गुरुजी.

आमच्या वाटणीच्या कागदावरची ही एकतिसावी बाब. आधीच्या तीस बाबींत कळसाडीची जमीन आहे, विहिरीच्या पाळ्या आहेत, बैलजोडी, पितळी हंडे, दोन खाटा, अगदी पाटा-वरवंटासुद्धा आहे. एकतिसाव्या बाबीसमोर गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे, 'हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, एक. मशीन थोरल्याकडे, कॅसेट धाकट्याकडे.' त्याला आता चौदा वर्षं झाली.

आमच्याकडे वाटणीची रीत अशी की थोरल्याने वाटे लावायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. मग वाटे लावणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. उसाच्या गाडीच्या वजनात दहा किलोंचा घोळ राहिला तर मला जेवण गोड लागत नाही. त्या दिवशीही मी सगळे वाटे तोलूनमापून लावले होते. शेवटी ट्रंकेच्या तळाशी, आईच्या जुन्या लुगड्यांखाली, तो गेम निघाला.

मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे, पोरेस्नं खेयनं शे ते."

मी म्हणालो, राहू कसं द्यायचं? सगळं लिहिलं तर हेही लिहायचं. मी मशीनच्या पाठीतून कॅसेट ओढून काढली. कट्ट असा आवाज झाला. मशीन घोंगडीच्या एका टोकाला ठेवलं, कॅसेट दुसऱ्या टोकाला.

मामांनी मांडीवर थाप मारली. "बैल एकले, कासरा दुसराले! व्हयनं बराबर!"

गुरुजी हसले. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. बापू मात्र घोंगडीकडे बघत राहिला. तो मशीन उचलेल अशी माझी खात्री होती. किंमत काय ती मशीनचीच होती. त्याने कॅसेट उचलली. "लिखी टाका गुरुजी," एवढंच म्हणाला, आणि कॅसेट सदऱ्याच्या खिशात टाकून अंगणात गेला. पुढच्या आठवड्यात तो बायकोला घेऊन सुरतेला राहायला गेला. वाटणी कशावरून झाली ते इथे लिहीत नाही. ते त्या कागदावरही नाही.

यंदा गळीत हंगाम संपला, काटा बंद झाला, आणि बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. घरात मी एकटा. सकाळी साडेपाचला उठायचं, दोन भाकरी टाकायच्या, त्यांतली एक संध्याकाळसाठी ठेवायची. दुपारी बारा ते चार हे चार तास फार मोठे असतात. पंखा फिरतो. शेजारच्या पपईच्या बागेत ठिबकच्या नळीला कुठेतरी भोक आहे, त्यातून पाण्याची बारीक चिळकांडी उडताना ऐकू येते. माणसाचा आवाज म्हणून दिवसातून एकदा बायकोचा फोन.

अशाच एका दुपारी बापूची बायको आशा दारात आली. भावकीतल्या एका लग्नाला ती गावात आली होती. डोक्यावरचा पदर सारखा करत तिने ओट्यावरूनच पिशवीत हात घातला आणि सुताने बांधलेली औषधाची एक पांढरी डबी पुढे केली.

"भाऊ, हाई ल्या. त्यास्नी दियेल शे."

डबीत कापूस होता आणि कापसात ती कॅसेट. आगकाडीच्या पेटीपेक्षा थोडी मोठी. वरचं चित्र निम्मं पुसलेलं, पण छत्री दिसत होती.

बापूला दिवाळीच्या सुमाराला लकवा झाला होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढतो, जीभ जड झाली. मी बघायला गेलो होतो. तो झोपला होता. मी बाहेरच्या बाकावर चाळीस मिनिटं बसलो आणि आशाला 'मी येऊन गेलो ते सांगू नको' असं म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

"त्याला आता बोलता येतं का?" मी विचारलं.

"एक-एक सबद येस. 'हाई डबी भाऊले दी ये' इतलं सांगाले त्यास्ले अर्धा तास लागना." तिने पिशवी काखेत मारली. मग त्याच्याच आवाजात बोलल्यासारखं हळू म्हणाली, "भाऊले सांग, शेवट पाही ले. माले सांग. इतलंच म्हनेत."

मी तिला आत या म्हणालो, चहा ठेवतो म्हणालो. लग्नाची जीप खोळंबली होती. ती गेली. मी डबी हातात घेऊन किती वेळ उभा होतो ते मोजलं नाही.

तो गेम आमच्याकडे आला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि बापू बारा. सुरतेला कापड बाजारात कामाला असलेल्या काकांनी तो आणला होता. करड्या रंगाचं, विटेच्या अर्ध्या आकाराचं मशीन. डाव्या हाताला अधिक चिन्हासारखं बटण, त्याने पुढे-मागे जायचं. उजव्या हाताला दोन गोल बटणं, एकाने उडी, एकाने छत्री. पडदा हिरवट, शेवाळलेल्या पाण्यासारखा. त्या पडद्यावर एक लहानसं कासव चालायचं. ते घाबरलं की पाठीत शिरायचं आणि उंचावरून पडताना छत्री उघडायचं. आम्ही त्याचं नाव छत्र्या ठेवलं.

काका म्हणाले होते की हे कासव एका कार्टूनच्या पिक्चरमधलं आहे. परदेशात तो पिक्चर फार चालला. त्यांनी स्वतः पाहिला नव्हता. गेममध्ये मधूनमधून अक्षरं यायची ती इंग्रजीही नव्हती, छोट्या छोट्या झोपड्यांसारखी दिसायची. म्हणजे कासव कुठून निघालं, कुठे चाललं, हे आम्हाला कळायला काही वाट नव्हती. एकदा शहाद्याच्या बाजारात व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानात आम्ही दोघं धीर करून गेलो.

"कासवनं पिच्चर?" दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "ससा-कासवनं का? ते ते दुसरीना पुस्तकमा शे. जा, वाची ल्या. भाडं बी नही लागाव."

बापूचे कान लाल झाले. परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "आपन आपलं पिच्चर करूत ना भाऊ." आणि खरंच आम्ही तो पिक्चर केला. काही वर्षं तो आमच्या घरात चालू होता, फक्त आम्हा दोघांना दिसायचा.

पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. उजेड बाहेरून घ्यावा लागे. त्यामुळे घरातलं ऊन कुठे, किती वाजता येतं हे आम्हाला पाठ झालं. सकाळी सव्वासातला ओट्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात. साडेनऊला गोठ्याच्या दारात, तिथे शेणाचा आणि ओल्या कडब्याचा वास. बारा ते दोन मातीच्या धाब्याच्या झरोक्यातून बरोबर खोलीच्या मध्ये, ताटाएवढा गोल. त्या गोलात मशीन धरायचं आणि दोघांची डोकी बाहेर सावलीत. गोल सरकला की आम्हीही सरकायचो. आई म्हणायची, "डोया फुटतीन तुम्हना! मंग चष्मा लायीसन बैल हाका!"

पण सगळ्यात चांगले दिवस कापसाचे. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात यायचा आणि आतली खोली जवळजवळ छतापर्यंत भरायची. भाव येईपर्यंत तो तसाच राहायचा. आम्ही त्याच्यावर चढायचो. दोन माणसं पाठ टेकून बसतील एवढा खड्डा आपोआप व्हायचा. कापूस दिवसभराचं ऊन धरून ठेवतो. थंडीतही आत ऊबदार असायचं. सरकीचा तेलकट वास, वाळक्या पानांचा चुरा, मानेला खाज. तिथे आवाज वाढत नाही. खाली आई कोणाशी बोलायची ते दुसऱ्या गावातून आल्यासारखं वाटायचं, आणि मशीनमधला तो बारीक टुंइ-टुंइ आवाज मात्र अगदी कानाशी. भिंतीत वरच्या अंगाला एक खिडकी होती, तिच्यातून अकरा ते साडेबारा ऊन. दीड तास. तेवढाच.

खेळायचा बापू. माझे हात जड, आणि मला घाई सुटायची. मी आकडे लिहायचो. प्रत्येक स्टेज संपली की पडद्यावर पाच आकडे येत. पुढच्या वेळी तेच घातले की तिथूनच खेळ सुरू. ते आकडे मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो, तारखेसह. एक-दोनदा बापूने स्वतः लिहायचा प्रयत्न केला आणि सहा आकडे लिहिले.

"तू नको लिहू," मी म्हणालो.

"मंग तू बी खेयू नको," तो म्हणाला. "आकडा तुन्हा, हात मन्हा."

सेलचं सगळ्यात अवघड होतं. चार पेन्सिल सेल लागायचे आणि ते पाच-सहा दिवसांत बसायचे. मग ते गोठ्याच्या पत्र्यावर उन्हात ठेवायचे. तापले की अर्धा तास चालायचे. तेही संपलं की दाताने चावायचे. आमच्या घरातल्या प्रत्येक सेलवर बापूच्या पुढच्या दातांच्या खुणा असत. आई घड्याळात सेल घालायला गेली की ओरडायची.

पहिली स्टेज विहीर. छत्र्या तळातून एकेक कपार चढून वर यायचा. दुसरी जंगल. तिसरी नदी, तिला आम्ही तापी म्हणायचो. चौथीत चिमण्यांचा धूर. बापू म्हणायचा, हा आपला कारखाना. पाचवीत बर्फ. बर्फ आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता. शहाद्याच्या गोळेवाल्याच्या पोत्यात बघितला तेवढाच. सहावीत बाजार, तिथे टोपल्यांवरून उड्या मारायच्या. सातवी वाऱ्याची.

छत्र्या कुठे चाललाय यावर आमचं कधी पटलं नाही. मी म्हणायचो तो आईकडे चाललाय, कारण पुस्तकातल्या गोष्टी तशाच संपतात. बापूला ते मान्य नव्हतं. "मायकडे जाणारा छत्री लेस का? तो कामाले जाई ऱ्हायना. काकासारखा. सुरतले." श्रावणात आभाळ भरून राहायचं, पडद्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही. तेव्हा आम्ही नुसतेच बोलायचो. ओट्यावर बसून, चिखलात बोटाने स्टेजा काढून. आठव्या स्टेजेत काय असेल? बापू रोज वेगळं सांगायचा. एक दिवस मोठा राक्षस, एक दिवस जत्रा, एक दिवस 'तठे काही नही, नुसता बोर्ड शे, कळसाडी एक किलोमीटर.' आणि पोट धरून हसायचा.

सातवी स्टेज बापूने एकदाच ओलांडली. कापसातच. पडद्यावर आकडे आले. मी पेन्सिल घेतली, दोन आकडे लिहिले, आणि पडदा फिका होत होत गेला. सेल संपले. वहीत ते दोन आकडे अजून आहेत: चार आणि शून्य. पुढे तीन रेघा मारून ठेवल्यात, नंतर भरण्यासाठी. त्या वर्षी कापूस लवकर गेला. मग माझी बारावी आली. मग मशीन ट्रंकेत गेलं.

एवढं सगळं त्या डबीवरून आठवलं. मी कपाट उघडून मशीन काढलं. सेलच्या खाचेत हिरवट बुरशी धरली होती. शहाद्याला घड्याळं आणि रिमोट दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याच्याकडे नेलं. त्याने चाकूने पत्र्या खरवडल्या, एक स्प्रिंग बदलली.

"नातूसाठे का काका?"

"नही. मन्हासाठेच."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि चार सेल घातले. टुंइ असा आवाज झाला. दुकानात रस्त्यावरचं ऊन येत होतं. त्यात मशीन धरलं, आणि छत्र्या विहिरीच्या तळाशी उभा होता. पापण्या मिचकावत. आम्ही सोडून गेलो तेव्हा होता तसाच.

दुसऱ्या दिवसापासून मी खेळायला लागलो. घर आता स्लॅबचं आहे. झरोका गेला, कापसाची खोली गेली. तिच्या जागी मोरी आणि पाण्याची टाकी. कापूस आता शेतातूनच व्यापाऱ्याच्या गाडीत जातो. उजेड शोधत मी घरभर फिरलो. पूर्वेला शेजाऱ्याचा मजला आडवा येतो. शेवटी मागच्या दारात, साडेतीन ते पावणेपाच, पायरीवर बसून नीट दिसतं असं ठरलं. पहिल्या दिवशी विहिरीतूनच वर यायला मला नऊ वेळा मरावं लागलं.

बायकोचा फोन आला. "जेवनात का?"

"जेवनु."

"काय करी ऱ्हायनात?"

मी खोटं कशाला बोलू. "खेयी ऱ्हायनु," म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

पलीकडे ती हसायला लागली. "माय वं! नात पाळनामा, आनि आजोबा कासव खेयी ऱ्हायना! जवाईले सांगू का?" मग हसणं थांबलं. "बापूभाऊ कशा शेत?" तिने विचारलं. आशाने सांगितलं तेवढं मी सांगितलं. "तुम्हीन जाई या ना एकदाव," ती म्हणाली. मी म्हणालो, बघू.

लेकीनेही फोन घेतला. "बाबा, तो पिक्चर नेटवर मिळेल. दोन मिनिटांत शोधून देते. शेवट काय आहे तो बघून काकांना सांगून टाका." तिचं काही चूक नव्हतं. पण मी नको म्हणालो. बापूने पिक्चरचा शेवट विचारला नव्हता.

जुन्या वहीमुळे मला सगळं पहिल्यापासून खेळायची गरज नव्हती. सातव्या स्टेजेचे आकडे पूर्ण होते. तरी मी एकेक स्टेज खेळलो. वेळ होता, आणि मला ती ठिकाणं बघायची होती. नदीत एक लाकडाचा ओंडका आहे, तो तिसऱ्या उडीला बुडतो. बापू त्याच्यावर दोनच उड्या मारायचा. बाजाराच्या स्टेजेत शेवटची टोपली रिकामी आहे, बापू तिच्यात उगाच उतरून यायचा. मला हे आठवत नव्हतं. छत्र्या तिथे पोचला की आठवायचं. कुठल्याही टोपलीशी त्याचा आवाज ऐकू येईल असं वाटायचं आणि मी बटण दाबायला विसरायचो. बाहेर दुपार पसरलेली. कुत्रंही हलत नाही अशी.

बाविसाव्या दिवशी मी सातव्या स्टेजेत आलो.

ही स्टेज म्हणजे डोंगराची एक धार आहे आणि समोरून वारा. वारा दिसत नाही. गवताची पाती वाकली की आला असं समजायचं. छत्री उघडावी तर मागे फेकला जातो, मिटावी तर खाली पडतो. पाती वाकायच्या थोडं आधी मिटायची आणि ती सरळ व्हायच्या थोडं आधी उघडायची. ते 'थोडं' किती, ते मी मोजायचा प्रयत्न केला. एक-दोन-तीन असं तोंडाने मोजलं. मनगटी घड्याळ पायरीवर ठेवून मोजलं. वहीत तक्ता केला: पहिला झोत, दुसरा झोत, मधलं अंतर. तक्ता बरोबर होता. तरी छत्र्या पडायचा. दोन हातांना दोन वेगळी कामं एका वेळी सांगणं मला जमत नव्हतं. डावा अंगठा चालला की उजवा थांबायचा.

पहिल्या दिवशी सव्वीस वेळा पडलो. दुसऱ्या दिवशी एकतीस. सहा दिवसांत मिळून एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा. आशाचा फोन आला. मी फोन कानाला लावला तर पलीकडे फक्त श्वास. तिने फोन त्याच्या हातात दिला होता.

"शे..." बापू म्हणाला. "शेवट?"

चौदा वर्षांत त्याचा आवाज ऐकला नव्हता, आणि ऐकला तो असा. खोटं काहीतरी सांगून टाकता आलं असतं. समुद्र आला, आई भेटली, राक्षस मेला. त्याला कळलं नसतं. पण मी आयुष्यात काट्यावर खोटा आकडा लिहिला नाही, आणि हा तर त्याहून मोठा होता.

"नही जमत बापू," मी म्हणालो. "सातवीमाच शे. वारामा पडी जास."

पुन्हा श्वास. मग घशातून एक आवाज आला. रडतोय असं वाटून मी उभा राहिलो. तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदुरबारहून गाडी धरली. पिशवीत मशीन, कॅसेट, वही, आठ सेल. खांडबारा गेलं, चिंचपाडा गेलं, नवापूरला टोपल्या घेऊन बायका चढल्या. डब्यात मोहाचा वास आला. समोरच्या माणसाने कुठे जाताय विचारलं. भावाकडे, म्हणालो. हे वाक्य फार दिवसांनी तोंडातून निघालं. ते बरोबर आहे का म्हणून मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं.

बापूची खोली तिसऱ्या मजल्यावर. तो गॅलरीत खुर्चीवर बसला होता, उजवा हात उशीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कोणाचा. केस माझ्याहून जास्त पिकलेले. आशाने पाणी आणलं. ती म्हणाली, "सकायपाईन दाढी करीसन बठेल शेत. कोनी सांगं नही तरी."

मी त्याच्या डाव्या बाजूला बसायला गेलो, तर त्याने मान हलवली आणि डोळ्यांनी उजवी बाजू दाखवली. तिकडे स्टूल होतं. मी तिथे बसलो. मशीन त्याच्या मांडीवर ठेवलं, आकडे घातले, सातवी स्टेज उघडली. त्याने डावा हात उचलून मशीनच्या डाव्या कडेला लावला. अंगठा त्या अधिक चिन्हावर आपोआप बसला. मग माझ्याकडे पाहिलं. उजवी बाजू मोकळी होती. मी माझा उजवा हात तिथे लावला.

पहिल्यांदा दोन पावलांतच पडलो. दुसऱ्यांदा तीन. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "ना..." म्हणाला. "मो... मो... नको." मला कळेना. मग कळलं, मी तोंडाने मोजत होतो. मोजू नको म्हणत होता.

मी तोंड मिटलं. गवत हललं.

"धर," बापू म्हणाला.

मी छत्रीचं बटण दाबलं.

"सोड."

सोडलं. हे दोन शब्द त्याला स्वच्छ येत होते. धर. सोड. धर. गवताकडे बघायचंच नाही, त्याच्याकडे कान ठेवायचा, एवढंच माझं काम. चौथ्या खेपेला आम्ही अर्ध्या धारेवर होतो. मी घाई केली, पडलो. "ग... गधडा," तो म्हणाला. आशा दारात उभी होती, ती तोंडावर हात ठेवून आत पळाली. थोरल्या दिराला असं कोणी बोललेलं तिने ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात रोजचा मालिशवाला आला. तेलाची बाटली घेऊन चपला काढत होता. बापूने डोळ्यांनीच त्याला थांब म्हटलं. तो भिंतीला टेकून बसला आणि मान लांब करून पडद्यात बघू लागला.

अकराव्या खेपेला वारा संपला. पडद्यावर पाच आकडे आले. मी वही काढली. चार, शून्य, आणि पुढच्या तीन रेघांवर सात, एक, सहा. अक्षर नीट आलं.

आठवी स्टेज फार लहान आहे. कोणी शत्रू नाही, खड्डा नाही, उडी मारायलाही काही नाही. नुसती वाळू. छत्र्या चालत जातो. उजव्या हाताला कामच नव्हतं. मी तो तसाच बटणावर ठेवून बसलो. बापू हळूहळू चालवत होता, चालवायचं ते संपू नये असं. मग पाणी आलं. कासवाने छत्री मिटली, वाळूत रोवली आणि आत गेलं. पाण्यावर दोन-तीन वर्तुळं. छत्री तिथेच. मग ती झोपड्यांसारखी अक्षरं, आणि पडदा रिकामा.

बापूने डाव्या हाताने मशीन डोळ्यांजवळ नेलं.

"को... कोनी नही?" त्याने विचारलं.

"कोनी नही," मी म्हणालो.

"माय?"

"नही दिसनी."

"का... काम?"

"ते बी नही."

त्याने मान डोलावली. खाली रस्त्यावर पार्सलांची हातगाडी चालली होती, तिचा खडखड आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मग तो म्हणाला, "पर... परत."

"सातवीपाईन?"

त्याने मान हलवली. पहिल्यापासून. मी मशीन बंद करून चालू केलं. विहीर आली. त्याचा अंगठा जागेवर गेला.

मालिशवाला उठला, चपला घालू लागला. "काका, आज का कसरत तो हो गया," तो म्हणाला. "अंगूठा घंटाभर चला. मेरे से दस मिनट नहीं चलाता." पैसे राहू द्या म्हणत होता. मी राहू दिले नाहीत. तो यायचा तेवढा आला होता, बसायचा तेवढा बसला होता. त्या दिवसाचे अडीचशे रुपये मी मालिशवाल्याला दिले.